साप, कायदा आणि इरुळर

मद्रास शहरातून, म्हणजे १९९६ पासून जे चेन्नई या नावाने ओळखले जाते त्या नगरातून, समुद्रकाठच्या रस्त्याने दक्षिणेस निघाले की सुमारे चाळीस किलोमीटरवर, महाबलीपुरमच्या अलीकडे, वडनेम्मेली नावाचे गाव लागते. तेथे मगरींच्या संवर्धनाचे एक केंद्र आहे. त्या केंद्राच्या आवारात एका छपराखाली मातीची मडकी ओळीने मांडून ठेवलेली दिसतात. मडक्यांच्या तोंडांना फडकी बांधलेली असतात आणि आत थोडी वाळू असते. पाहणाऱ्यास प्रथम वाटावे की, ही कुंभाराची वखार आहे. परंतु कामावरचा माणूस एका मडक्याचे फडके सोडतो, हातातल्या लोखंडी आकड्याने आतील प्राणी अलगद बाहेर काढतो आणि पाहणारे दोन पावले मागे सरतात. मडक्यात जिवंत नाग असतो. शेजारच्या मडक्यांत घोणस, मण्यार आणि फुरसे असतात.

तो माणूस नागाचे डोके दोन बोटांच्या पकडीत धरतो आणि काचेच्या भांड्याच्या तोंडावर ताणून बसवलेल्या पातळ पडद्यावर त्याला चावू देतो. पिवळसर विषाचे काही थेंब भांड्यात उतरतात. नाग पुन्हा मडक्यात जातो आणि फडके पुन्हा बांधले जाते. हे सर्व इतक्या शांतपणे घडते की, या थेंबांवर देशातील हजारो माणसांचे प्राण अवलंबून आहेत हे कोणाच्या ध्यानातही येऊ नये. हे काम करणारी माणसे इरुळर जमातीची असतात. त्यांच्या हाती हे काम कसे आले, याचा इतिहास एका कायद्याच्या इतिहासाशी जोडलेला आहे. तो कायदा सापांच्या रक्षणासाठी झाला होता. माणसांचे काय होईल, हा प्रश्न तो करताना फारसा कोणी विचारला नव्हता.

इरुळर ही तमिळ देशातील एक प्राचीन जमात. तमिळमध्ये ‘इरुळ’ म्हणजे अंधार, आणि त्यावरून या जमातीस हे नाव पडले असावे अशी एक व्युत्पत्ती दिली जाते. निलगिरीच्या उतारावर राहणारे इरुळर वेगळे आणि मद्रासच्या भोवतीच्या सखल प्रदेशातील इरुळर वेगळे. येथे सांगावयाचे आहे ते या दुसऱ्या गटाविषयी. चेंगलपट्टू, कांचीपुरम आणि तिरुवळ्ळूर या भागांत, तसेच मराठ्यांच्या इतिहासात जिंजी म्हणून अजरामर झालेल्या किल्ल्याच्या परिसरात, भातशेतीच्या कडेला, झुडपी रानात आणि तळ्यांच्या बांधांवर त्यांच्या झोपड्यांच्या वस्त्या आढळतात. कन्नियम्मा ही त्यांची कुमारी देवता, आणि नाग हे तिचेच रूप. माघाच्या सुमारास येणाऱ्या मासी पौर्णिमेला शेकडो इरुळर कुटुंबे महाबलीपुरमच्या वाळवंटात जमतात, तात्पुरत्या झोपड्या उभारतात, देवीची पूजा करतात, तेथेच मुलामुलींचे विवाहही जुळवतात.

रानातील मध, औषधी मुळ्या, ससे, घोरपडी आणि शेतातील उंदीर यांवर या लोकांचा निर्वाह चाले. उंदीर पकडण्याची त्यांची रीत पाहण्यासारखी आहे. बिळाची सर्व तोंडे शोधून ती बुजवावयाची, एका तोंडाशी धूर सोडावयाचा आणि मग पहारीने बीळ उकरावयाचे. उंदीर हाती येतात, शिवाय त्यांनी साठवलेले भातही सापडते. शेतकऱ्याचे नुकसान टळते आणि इरुळराच्या घरी चूल पेटते. जेथे उंदीर तेथे साप, हा निसर्गाचा नियम असल्यामुळे सापांची ओळख त्यांना पिढ्यान्‌पिढ्या होत आली. धुळीतील अस्पष्ट माग, बिळाच्या तोंडाशी घासून गुळगुळीत झालेली माती, काटेरी झुडपात अडकलेली कात, विष्ठेचा रंग, एवढ्यावरून इरुळर स्त्रीपुरुष सांगू शकतात की, बिळात साप आहे की नाही, असल्यास कोणत्या जातीचा, आणि तो आत शिरून किती वेळ झाला. हे ज्ञान कोठे लिहिलेले नाही. बापाच्या मागून रानात हिंडत मुलगा ते शिकतो. आईबरोबर मुळ्या खणावयास जाणारी मुलगीही शिकते.

या जीवनावर पहिला आघात झाला तो रानाच्या रक्षणाच्या नावानेच. १८८२ साली मद्रास इलाख्याचा वन कायदा झाला. राखीव रानाच्या सीमा आखल्या गेल्या आणि कालपर्यंत जे आपले घर होते त्यात परवानगीवाचून पाऊल टाकणे हा अपराध ठरला. रानाचा आधार तुटू लागला तसा इरुळरांना दोनच वाटा उरल्या. एक भातगिरणीत, वीटभट्टीत आणि जमीनदाराच्या शेतावर मजुरीची. या मजुरीचा शेवट अनेकदा कर्जाच्या फासात आणि वेठबिगारीत होई. दुसरी वाट होती सापाच्या कातड्याची.

विसाव्या शतकात युरोप-अमेरिकेतील फॅशनच्या बाजारात सर्पचर्माला मोठी मागणी आली. हातातल्या पिशव्या, बूट, कमरेचे पट्टे यांसाठी नाग, घोणस, अजगर, आणि विशेषेकरून धामण यांची कातडी हवी असत. मद्रास हे तर चामड्याच्या धंद्याचे पूर्वापार केंद्र. स्वातंत्र्यानंतर लवकरच केंद्रीय चर्म संशोधन संस्थाही याच नगरीत उभी राहिली. सापाचे कातडे कमावणारे कारखानदार, निर्यात करणारे व्यापारी, गावोगाव हिंडणारे दलाल, आणि या साखळीच्या अगदी शेवटच्या टोकाला पहार घेऊन बिळाशी बसलेला इरुळर, अशी ही रचना होती. परदेशी दुकानात पिशवीला जी किंमत येई तिचा अत्यल्प अंश बिळाशी बसलेल्या माणसाच्या हाती पडे. तरीही तो रोकड पैसा होता आणि तो स्वतःच्या विद्येवर मिळवलेला होता. एरव्ही उपेक्षेने पाहणारा व्यापारीसुद्धा या एका कामापुरता त्याच्या झोपडीच्या दाराशी येई.

या व्यापारात साप मात्र लाखोंच्या संख्येने मारले जात होते. हे असेच चालू राहणे कोणाच्याही हिताचे नव्हते, अगदी इरुळरांच्याही नव्हे. धामण ही शेतकऱ्याची मैत्रीण. ती नाहीशी झाली की उंदीर माजणार, आणि उंदीर माजले की धान्याची नासाडी होणार, हे उघड होते. त्याच सुमारास देशात वन्य प्राण्यांविषयी नवी जाणीव उत्पन्न होत होती. १९६९ साली निसर्ग संरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे अधिवेशन नवी दिल्लीत भरले, त्यात वाघांच्या घटत्या संख्येवर गंभीर चर्चा झाली. पुढे पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या कारकिर्दीत, १९७२ साली, संसदेने वन्यजीव संरक्षण कायदा संमत केला. वन्य प्राण्यांविषयीचा विषय त्या वेळी राज्यांच्या अखत्यारीत असल्यामुळे राज्यांनी ठराव करून केंद्रास हा कायदा करण्याचा अधिकार दिला आणि मग एकेक राज्याने तो स्वीकारला. त्यापाठोपाठ १९७६ साली सापांच्या कातड्यांच्या निर्यातीवर बंदी आली.

या कायद्याने देशातील वन्य जीवनाचे मोठे रक्षण केले, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. तो झाला नसता तर आज अनेक प्राणी केवळ चित्रांत उरले असते. परंतु कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर जो अपराधी होता तो बंदूकधारी शिकारी आणि कातड्याचा धनाढ्य व्यापारी हा होता. कायद्याच्या व्याख्येत ‘शिकार’ या शब्दाचा अर्थ ठार मारणे एवढाच नाही. पकडणे, सापळ्यात धरणे, तसा प्रयत्न करणे, हे सर्व शिकारीतच मोडते. ही व्याख्या विस्तृत ठेवणे आवश्यक होते, नाहीतर पळवाटा निघाल्या असत्या. पण त्या विस्तारात पहार घेऊन बिळाशी बसलेला माणूसही अलगद आला. व्यापाऱ्याने सापाऐवजी गाईम्हशींच्या नि शेळ्यामेंढ्यांच्या चामड्याचा धंदा केला. त्याच्याजवळ भांडवल होते आणि ते कोठेही वळवता येत होते. इरुळराचे भांडवल म्हणजे सापांविषयीचे ज्ञान. ते दुसऱ्या कोणत्याही बाजारात चालणारे नव्हते. बंदीचा हेतू ज्यांच्यावर प्रहार करण्याचा होता ते बाजूला सरले, आणि ज्यांचा विचार कोणी केला नव्हता त्यांच्यावर तो पडला.

असे केवळ मद्रासकडेच घडले असे नाही. टोपली आणि पुंगी घेऊन गावोगाव फिरणारे आपल्याकडील गारुडी याच कायद्यामुळे हळूहळू रस्त्यावरून दिसेनासे झाले. सांगली जिल्ह्यातील बत्तीस शिराळ्याला नागपंचमीस जिवंत नाग पूजण्याची जी प्रसिद्ध परंपरा होती, तीही न्यायालयाच्या आदेशाने थांबली. सापांचे हाल थांबले हे इष्टच झाले. परंतु सापाला निर्भयपणे हाताळणारा जो एक वर्ग देशात होता त्याच्या हातांना दुसरे काम कोणते द्यावयाचे, हा प्रश्न बहुतेक ठिकाणी अनुत्तरितच राहिला. मद्रासच्या इरुळरांची कथा वेगळी ठरली ती यासाठी की, तेथे या प्रश्नाचे एक उत्तर निघाले.

ते उत्तर काढण्यात ज्यांचा पुढाकार होता ते रॉम्युलस व्हिटेकर जन्माने अमेरिकन, पण लहानपणी मुंबईत येऊन वाढलेले. सापांची त्यांना बालपणापासून ओढ. तरुणपणी अमेरिकेत मायामी येथील एका प्रसिद्ध सर्पालयात त्यांनी विष काढण्याचे काम शिकून घेतले आणि भारतात परतल्यावर मद्रासला सर्पोद्यान काढले. १९७२ साली ते शहरातील गिंडी या भागात आले. सर्पोद्यानासाठी साप आणण्याच्या निमित्ताने व्हिटेकर इरुळरांबरोबर रानोमाळ हिंडले. सापांच्या शास्त्रावरील ग्रंथांत जे नाही ते या निरक्षर माणसांना ठाऊक आहे, याचा त्यांना प्रत्यय आला. निर्यातबंदीनंतर या लोकांची झालेली अवस्था त्यांनी जवळून पाहिली. सापाचे कातडे विकता येत नाही, पण विष विकता येईल, आणि विष काढण्यासाठी साप मारावा लागत नाही, या साध्या विचारातून १९७८ साली इरुळर सर्पधारकांची सहकारी औद्योगिक संस्था नोंदविली गेली.

कल्पना सुचणे सोपे, पण परवाना मिळणे अवघड. ज्या जमातीला सापांची वैरी म्हणून ओळखले गेले होते तिलाच साप पकडण्याची मुभा द्यावयाची, हे वन खात्याच्या गळी उतरवण्यास काही वर्षे गेली. १९८० नंतरच्या दशकाच्या आरंभी संस्थेचे काम प्रत्यक्ष सुरू झाले. आज कायद्याच्या बाराव्या कलमात, ज्या विशेष कारणांसाठी परवाना देता येतो त्यांत, प्राणरक्षक औषधांच्या निर्मितीकरिता सर्पविष गोळा करणे या कारणाचा स्पष्ट उल्लेख आहे. एका मोठ्या निषेधात ठेवलेली ही लहानशी खिडकी होय. त्या खिडकीतून इरुळरांचे ज्ञान पुन्हा कायद्याच्या उजेडात आले.

संस्थेची रीत अशी. कोणत्या जातीचे किती साप पकडावयाचे हे वन खाते परवान्यात ठरवून देते. सभासद ते पकडून आणतो आणि जातीप्रमाणे ठरलेला मोबदला घेतो. साप सुमारे तीन आठवडे मडक्यात राहतो. त्या अवधीत साधारणपणे आठवड्यातून एकदा, असे चार वेळा, त्याचे विष काढले जाते. मग पोटाकडील खवल्यांवर बारीकशी खूण करून त्याला रानात सोडून देतात. तोच साप लवकर पुन्हा पकडला गेला तर खुणेवरून ओळखू येतो आणि त्याला तसेच सोडले जाते. काही कातींनंतर खूण आपोआप पुसली जाते. काढलेले विष गोठवून वाळवतात आणि भुकटीच्या रूपात कारखान्यांना विकतात. फुरशासारख्या लहान सापाचे विष इतके थोडे निघते की, एक ग्रॅम भुकटीसाठी शेकडो साप लागतात. कातड्याच्या धंद्यात साप एकदाच विकता येत असे. आता तो रानात परत जातो आणि पुढील पिढ्यांसाठी अंडी-पिल्ले ठेवतो. इरुळरांनाही सापांचे रान शाबूत राहण्यात स्वतःचा लाभ दिसू लागला.

येथे या कथेचा धागा महाराष्ट्रापर्यंत येऊन पोचतो. सर्पदंशावरील खरे औषध म्हणजे प्रतिविष. आल्बेर काल्मेत या फ्रेंच शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते प्रथम तयार केले. घोड्याला सर्पविषाची अगदी लहान मात्रा टोचावयाची, ती हळूहळू वाढवत न्यावयाची, घोड्याच्या रक्तात विषाला मारणारी द्रव्ये तयार झाली की ते रक्तद्रव काढून शुद्ध करावयाचे, ही त्याची पद्धत. भारतात या विद्येची जी मोठी केंद्रे झाली त्यांत परळची हाफकिन संस्था अग्रगण्य. प्लेगच्या लशीसाठी १८९९ साली जुन्या गव्हर्नर-निवासात आलेल्या या प्रयोगशाळेला १९२५ साली हाफकिनचे नाव मिळाले. पुढे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषांवर एकत्रित चालणारे प्रतिविष तेथे होऊ लागले. महाराष्ट्रात आज इतरही कारखाने प्रतिविष करतात आणि इरुळरांच्या संस्थेचे विष राज्यातील कारखान्यांकडेही येते. मराठवाड्यात भर पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या शेतमजुराला मण्यार चावते, किंवा भातकापणीच्या वेळी मावळातल्या बाईच्या पायाला घोणस डसते, तेव्हा सरकारी दवाखान्यात जी कुपी फोडली जाते तिच्यातील औषधाचा आरंभ बहुधा वडनेम्मेलीच्या मडक्यात झालेला असतो.

सापांविषयी सरकारी धोरणाचा जुना इतिहास पाहिला म्हणजे या घटनेचे महत्त्व अधिक कळते. एकोणिसाव्या शतकात इंग्रज सरकारने सर्पदंशावर जो उपाय योजला तो साप मारणाऱ्यास बक्षीस देण्याचा. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात फुरशांवर असे बक्षीस लावले होते आणि लाखो फुरशी मारून कचेऱ्यांत आणली गेली. बक्षिसाचा खर्च वाढला, फुरसे मात्र कोकणातून गेले नाही. भारतातील विषारी सापांवरील जोसेफ फेरर यांचा बृहद्‌ग्रंथ १८७२ साली निघाला. तेही बक्षिसे देऊन साप मारविण्याच्या मताचे होते. त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी सापांच्या संरक्षणाचा कायदा झाला. एका शतकात सरकारने साप मारण्यासाठी पैसे दिले आणि पुढच्या शतकात साप पकडण्यासाठी शिक्षा ठेवली. दोन्ही वेळा धोरण सापाकडे पाहून ठरले. ज्याला सापाचे बीळ ओळखता येते त्या माणसाला मात्र दोन्ही वेळा कोणी विचारले नाही.

इरुळरांच्या संस्थेचा पुढील इतिहास यशाचा आहे. गेली अनेक वर्षे देशातील प्रतिविषासाठी लागणाऱ्या विषाचा फार मोठा भाग ही एकच संस्था पुरवीत आली आहे. २०१७ साली तिच्या दोन अनुभवी सर्पधारकांना, मासी सदैयन आणि वडिवेल गोपाल यांना, अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याने बोलावून नेले. तेथील दलदलीच्या प्रदेशात ब्रह्मदेशी अजगरांनी उच्छाद मांडला होता आणि आधुनिक साधने असूनही ते सापडत नव्हते. या दोघांच्या पथकाने पहिल्या दोनएक आठवड्यांतच तेराच्या आसपास अजगर शोधून काढले. २०२३ साली भारत सरकारने दोघांनाही पद्मश्री दिली. ज्या विद्येमुळे त्यांच्या जमातीला कायद्याने अपराधी ठरवले होते त्याच विद्येचा हा सन्मान होता.

या यशातही कायद्याचा आणखी एक अकल्पित परिणाम दडलेला आहे, आणि तो अधिक गंभीर आहे. खिडकी उघडली गेली ती प्रामुख्याने एकाच जागी. इतर राज्यांत असे नियमित परवाने अभावानेच मिळाले. परिणामी चेन्नईभोवतीच्या थोड्याशा जिल्ह्यांतील सापांच्या विषावर जवळजवळ साऱ्या देशाचे प्रतिविष तयार होऊ लागले. आता सापाचे विष म्हणजे सर्वत्र सारखे असणारे रसायन नव्हे. एकाच जातीच्या सापाचे विष प्रदेशाप्रमाणे, भक्ष्याप्रमाणे, हवापाण्याप्रमाणे बदलते. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील कार्तिक सुनगर आणि त्यांचे सहकारी यांनी २०१९ साली व त्यानंतर प्रसिद्ध केलेल्या संशोधनात असे दाखवून दिले की, देशाच्या इतर भागांतील काही सापांच्या विषांवर बाजारातील प्रतिविष अपुरे पडते. पूर्व भारतातील एकचष्मी नाग किंवा वायव्येकडील मोठे फुरसे यांच्या विषाविरुद्ध तमिळ देशातील सापांपासून केलेल्या औषधाचे बळ कमी ठरते. डॉक्टरला अधिक कुप्या द्याव्या लागतात आणि कित्येकदा तरीही रोगी हाती लागत नाही.

हा प्रश्न किती माणसांचा आहे हे आकड्यांवरून दिसते. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक अभ्यासानुसार २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सुमारे बारा लाख माणसे सर्पदंशाने मृत्यू पावली, म्हणजे दरवर्षी सरासरी अठ्ठावन्न हजार. त्यांत बहुतेक खेड्यांतील, शेतावर राबणारी. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली सर्पदंशाची गणना उपेक्षित उष्णकटिबंधीय रोगांत केली. २०२४ साली भारत सरकारनेही सर्पदंशाविषयी राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर करून २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. हे साधावयाचे तर निरनिराळ्या प्रदेशांतील सापांचे विष मिळवावे लागेल, आणि त्यासाठी त्या त्या प्रदेशात साप ओळखणारी व हाताळणारी माणसे लागतील. पण तशी माणसे आज कोठे आहेत? इतर प्रांतांतील गारुडी आणि सर्पधारक यांच्या विद्येला गेल्या पन्नास वर्षांत कोणतीही खिडकी उघडली गेली नाही. त्यांची मुले शहरांत हमाली करीत आहेत. कायद्याने साप वाचवले, पण सापांच्या विषापासून माणूस वाचवण्यास ज्या हातांची गरज होती ते हात त्याने नकळत रिकामे केले.

इरुळरांच्या बाबतीतही खिडकी अरुंदच राहिली. २०११ च्या जनगणनेत तमिळनाडूतील इरुळरांची संख्या सुमारे एक लाख नव्वद हजार भरली. सर्पधारकांच्या संस्थेचे सभासद मात्र साडेतीनशेच्या आसपास. उरलेल्यांसाठी वीटभट्टी आणि गिरणी ही वाट अजून बंद झालेली नाही. परवान्याचा कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाण्यास उशीर लागला की मडकी रिकामी राहतात आणि देशातील विषाचा पुरवठा अडतो. शिवाय जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक तत्त्वे आता असा आग्रह धरतात की, विष शक्यतो नियंत्रित सर्पालयात पाळलेल्या, मूळ ठिकाणाची नोंद असलेल्या सापांपासून घ्यावे. शास्त्रदृष्ट्या हा आग्रह रास्त आहे. त्याने औषधाची प्रत सुधारेल. परंतु नवे नियम करताना जुनी चूक पुन्हा होऊ नये, एवढी दक्षता घेणे अवश्य आहे. सर्पालये निघतील, तेथे यंत्रे येतील, पदवीधर तज्ज्ञ येतील. त्यांत इरुळराला आणि त्याच्यासारख्या इतर प्रांतांतील माणसांना जागा कोणती, हे नियमात आधीच लिहिले गेले नाही तर १९७६ सालची पुनरावृत्ती होण्यास वेळ लागणार नाही.

निषेध हे कायद्याचे एक अंग आहे. ज्याच्या जीविकेवर तो निषेध पडतो त्याची सोय लावणे हे दुसरे अंग. पहिले अंग राजपत्रात एका दिवसात छापले जाते. दुसऱ्यासाठी एखाद्या समाजाजवळ जाऊन बसावे लागते, तो काय जाणतो हे समजून घ्यावे लागते, आणि त्या ज्ञानाला नव्या व्यवस्थेत मानाचे स्थान द्यावे लागते. मद्रासकडे हे दुसरे काम सरकारी योजनेतून आपोआप झाले नाही. काही जिज्ञासू माणसे इरुळरांबरोबर रानात हिंडली म्हणून ते झाले, आणि जेथे तशी माणसे भेटली नाहीत तेथे ते राहूनच गेले. प्राण्यांच्या नावांच्या अनुसूची कायद्यात आहेत आणि त्या वेळोवेळी सुधारल्याही जातात. ज्यांचे ज्ञान या प्राण्यांबरोबर वाढले त्या माणसांची मात्र अशी कोणतीही अनुसूची नाही.

वडनेम्मेलीच्या छपराखाली तीन आठवड्यांची मुदत संपली की सापाला पिशवीत घालून इरुळर पुन्हा रानाकडे निघतो. वस्तीपासून दूर, एखाद्या वारुळाशी तो पिशवीचे तोंड सोडतो. खूण केलेला नाग क्षणभर फणा उभारतो, मग वाळक्या गवतात दिसेनासा होतो. त्याचा माग धुळीत उमटलेला असतो. तो वाचता येणारी माणसे आज थोडी उरली आहेत, आणि वर्षाला हजारो माणसांचे प्राण त्यांच्या हाती आहेत.